आग लागण्याआधीचा माणूस

शहराचा अग्निशमन प्रमुख म्हटलं की बंबासोबत धावणारा अधिकारी डोळ्यांसमोर येतो. त्याचं मोठं काम मात्र बंब निघण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. त्या कामात आपलाही वाटा आहे, आणि तो कायद्याने ठरवून दिलेला आहे.

९ मे २०१५, शनिवार. मुंबईत काळबादेवीला गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. भोवती अरुंद गल्ल्या, एकमेकींना खेटून उभ्या इमारती, खाली दुकानं. अग्निशमन दलाचे अधिकारी आगीशी झुंजत असतानाच इमारत ढासळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे दोन अधिकारी त्यात गेले. दलाचे उपप्रमुख सुधीर अमीन आणि खुद्द प्रमुख सुनील नेसरीकर गंभीर भाजले. मे महिना सरण्याआधी त्या दोघांचीही प्राणज्योत मालवली.

शहराच्या अग्निशमन दलाचा प्रमुखच कर्तव्य बजावताना जावा, ही गोष्ट मुंबईने कधीही विसरू नये. त्या चौघांच्या धैर्यापुढे मान आपोआप झुकते. पण मान झुकवून आपण तिथेच थांबलो, तर त्यांच्या कामाचा मोठा भाग आपल्या नजरेतून सुटतो. आगीच्या खबरेला दलाच्या भाषेत 'वर्दी' म्हणतात. वर्दी मिळाल्यावर जे घडतं ते सगळ्यांना दिसतं. वर्दी येऊच नये म्हणून जे करावं लागतं, ते नकाशांवर, जिन्यांत, विजेच्या डक्टमध्ये आणि फायलींत चालतं. ते नीट झालं तर काहीच घडत नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही.

एका पदातली तीन कामं

अमेरिकेतल्या अनेक शहरांत या कामासाठी 'फायर मार्शल' असं स्वतंत्र पद आहे. इमारतीचे नकाशे आगीच्या नियमांवर तपासणं, उभ्या इमारतींची पाहणी करणं आणि आग लागून गेल्यावर तिचं कारण शोधणं, ही त्याची तीन मुख्य कामं. न्यूयॉर्कमध्ये फायर मार्शलचा भर तपासावर असतो. तिथे अग्निशामक म्हणून काम केलेल्यांतूनच मार्शल घडतात, आणि त्यांना अटक करण्याचे अधिकारही असतात. या पदाला कोणतं ज्ञान आणि कोणती कौशल्यं हवीत, याचं मानक तिथल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने लिहून ठेवलं आहे.

आग प्रतिबंधाचं महत्त्व न्यूयॉर्कला फार मोठी किंमत मोजून कळलं. २५ मार्च १९११ रोजी तिथल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली आणि १४६ कामगार मेले. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. कारखाना आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर होता, आणि अग्निशमन दलाची शिडी जेमतेम सहाव्या मजल्यापर्यंत पोहोचत होती. बाहेर पडण्याचं एक दार कुलूपबंद होतं. शिडी घेऊन आलेले जवान शूरच होते. पण ते दार आदल्या दिवशी उघडून बघणं त्यांचं काम नव्हतं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये आग प्रतिबंधासाठी स्वतंत्र विभाग उभा राहिला.

आपल्याकडे 'फायर मार्शल' हा शब्द कानावर पडतो तो कंपन्यांच्या कार्यालयांत. मजल्यावरच्या लोकांना सुखरूप खाली नेण्यासाठी नेमलेल्या सहकाऱ्याला तिथे मार्शल म्हणतात. शहराच्या पातळीवर मार्शलची बहुतेक कामं आणि आग विझवण्याचं नेतृत्व, असा सगळा भार आपण एकाच माणसावर टाकला आहे. मुंबईत त्याला प्रमुख अग्निशमन अधिकारी म्हणतात, पुण्यासारख्या शहरांत मुख्य अग्निशमन अधिकारी.

कायदा कुणाला धरतो

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिका आणि महापालिकांच्या कामांची यादी आहे. त्यात अग्निशमन सेवा सातव्या क्रमांकावर आहे. महाराष्ट्रात या अधिकाऱ्याच्या हाती असलेलं मुख्य साधन म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. तो ६ डिसेंबर २००८ पासून अंमलात आला.

या कायद्याचा गाभा फार थोड्यांना ठाऊक असतो. इमारतीतली आग प्रतिबंधक यंत्रणा बसवण्याची आणि ती कायम चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी हा कायदा मालकावर आणि भोगवटादारावर टाकतो. भोगवटादार म्हणजे जो ती जागा वापरतो तो. म्हणजे हॉटेलचा चालक, रुग्णालयाचं व्यवस्थापन आणि आपली गृहनिर्माण सोसायटी. सोसायटीने परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणेची तपासणी करून घ्यायची आणि ती सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचं. हाच तो 'फॉर्म बी'.

अधिकाऱ्याचं काम त्यावर नजर ठेवण्याचं. तो इमारतीत शिरून पाहणी करू शकतो आणि त्रुटी दूर करण्यासाठी नोटीस देऊ शकतो. धोका गंभीर दिसला तर जागा रिकामी करायला लावू शकतो, वीज-पाणी तोडण्याचे आदेश देऊ शकतो, खटला भरू शकतो. अधिकार मोठे आहेत. पण हजारो इमारतींच्या शहरात तो प्रत्येक जिन्यापर्यंत रोज पोहोचू शकत नाही. म्हणूनच कायद्याने पहिली जबाबदारी त्या जिन्यावरून रोज ये-जा करणाऱ्यांकडे दिली आहे.

जबाबदारीची ही साखळी तुटली की काय होतं, ते महाराष्ट्राने पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. २९ डिसेंबर २०१७ च्या पहाटेआधी, मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईच्या कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या पबमध्ये आग भडकली. १४ जण दगावले. त्यातले बरेचजण ज्वाळांनी नव्हे, स्वच्छतागृहात अडकून धुराने गुदमरले. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात १० बाळं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटले. उठून पळू न शकणारी माणसं तिथे होती. 'फायर ऑडिट' हा शब्द त्यानंतर घराघरांत पोहोचला. शब्द पोहोचला तसं काम पोहोचलं का, हे प्रत्येकाने आपापल्या इमारतीत बघायचं आहे.

शिडीच्या पलीकडची उंची

मुंबईच्या दलाकडे ९० मीटरपर्यंत पोहोचणारी शिडी आहे. साधारण तीस मजले. ऐकायला पुरेसं वाटतं. पण लोअर परळचा वर्ल्ड वन हा मनोरा २८० मीटर उंच आहे. शिवाय एवढी अवजड गाडी उभी करायला इमारतीभोवती मोकळी, भक्कम जमीन लागते. तिथे पार्किंग असेल, बाग केली असेल किंवा खाली पोकळ तळघर असेल, तर शिडी गाडीवरच राहते.

म्हणून उंच इमारतीने स्वतःची आग स्वतःच रोखायची असते. नकाशा मंजुरीसाठी येतो तेव्हा अग्निशमन अधिकारी हेच बघतो. गाडी आत वळेल का? जिने किती आणि कुठे? त्यांची दारं धूर अडवतील का? आगीसाठी राखीव पाण्याची टाकी, वरपर्यंत पाणी चढवणारे पंप, स्प्रिंकलर, फायर लिफ्ट यांची सोय आहे का? जवान येईपर्यंत रहिवाशांनी थांबायचं कुठे? त्यासाठी ठरावीक उंचीपेक्षा उंच इमारतींत 'रेफ्यूज एरिया' ठेवलेला असतो. वाऱ्याला मोकळी असलेली ती जागा म्हणजे अडकलेल्या माणसाचा शेवटचा आसरा. तिथे कुणी गोदाम केलं, व्यायामशाळा काढली किंवा भिंत घालून खोली वाढवली, तर कागदावरचा तो आसरा प्रत्यक्षात उरत नाही.

विजेच्या डक्टचंही तसंच. वायरी आणि पाइप वर जातात त्या जागा प्रत्येक मजल्यावर बुजवलेल्या नसतील, तर डक्ट धुराड्यासारखा वागतो. तळमजल्यावर मीटरजवळ पेटलेली आग डक्टवाटे वरच्या मजल्यांवर धूर पोहोचवते. आगीत ज्वाळांपेक्षा धुराचे बळी जास्त असतात. पाहणीला आलेला अधिकारी डक्टचं दार उघडून आत वाकून बघतो, ते एवढ्यासाठी.

या खुर्चीपर्यंतची वाट

प्रमुख होण्यासाठी नुसती पदवी पुरत नाही आणि नुसता अनुभवही पुरत नाही. महाराष्ट्राचं भाग्य असं की या विद्येचं देशातलं माहेरघर आपल्याकडेच आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. देशभरातल्या दलांचे अधिकारी इथे घडतात. उपअधिकारी, केंद्र अधिकारी, विभागीय अधिकारी अशा पायऱ्यांचे अभ्यासक्रम आणि अग्निशमन अभियांत्रिकीची पदवी इथे मिळते. नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर २००२ मध्ये इथे दाखल झालेल्या पहिल्या विद्यार्थिनी. मुंबईत सांताक्रूझ पूर्वेला, विद्यानगरीत, राज्याची अग्निशमन प्रशिक्षण प्रबोधिनीही आहे.

त्यानंतर सुरू होते ती केंद्रावरची वर्षं. अग्निशामक, प्रमुख अग्निशामक, दुय्यम अधिकारी, केंद्र अधिकारी, विभागीय अधिकारी, उपप्रमुख आणि मग प्रमुख, अशी मुंबईतली साधारण चढण. पुण्याच्या दलात जवानांच्या म्होरक्याला आजही 'तांडेल' म्हणतात. हा शब्द जहाजावरून आलेला आहे, आणि दर्यावर तांडेलाला जो मान असतो तोच इथेही मिळतो.

या वाटेवर शिकायचं खूप असतं. एक लिटर पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १,७०० पट जागा लागते. म्हणजे बंद खोलीत चुकीच्या ठिकाणी मारलेलं पाणी जवानालाच भाजू शकतं. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. साध्या बांधकामाचं पोलाद ५५० ते ६०० अंश सेल्सियसला आपली जवळपास निम्मी ताकद गमावतं, म्हणून न पेटलेली तुळईसुद्धा छप्पर खाली आणू शकते. जुन्या लाकडी इमारतीचं वेगळंच. ती आतून किती जळाली आहे, याचा अंदाज बाहेरून लागत नाही. माणसं आत पाठवायची की मागे घ्यायची, हा निर्णय प्रमुखाला काही क्षणांत घ्यावा लागतो. अभ्यास, अनुभव आणि माणसांची काळजी हे तिन्ही त्या क्षणी एकत्र लागतात. काळबादेवीची आठवण काढताना या निर्णयाचं ओझं किती असतं, तेही आठवायला हवं.

राखेतला पुरावा

आग विझली, कूलिंग झालं, गर्दी पांगली की तिसरं काम सुरू होतं. बातमीत बहुतेक वेळा 'शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज' एवढंच छापून येतं. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला तेवढ्यावर थांबून चालत नाही. आग वर आणि बाजूंना पसरते, म्हणून भिंतीवर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी काजळी उमटते. तिचं टोक सुरुवातीच्या जागेकडे बोट दाखवतं. तांब्याच्या तारेवर वितळून झालेले बारीक मणी दिसले, तर तिथे ठिणगी उडाली होती हे कळतं. मग ती ठिणगी आगीचं कारण होती की आगीने तार जळल्याचा परिणाम, हे ठरवावं लागतं. या तपासाचा उपयोग दोषी शोधण्यापुरता नाही. एका इमारतीत सापडलेलं कारण दुसऱ्या शंभर इमारतींत दुरुस्त करता आलं, तरच राखेत घालवलेले ते तास कारणी लागतात.

कापूस आणि दारूगोळा

दर वर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सप्ताह पाळला जातो. त्यामागे १९४४ च्या १४ एप्रिलची दुपार आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' या जहाजात आग लागली. जहाजात युद्धासाठी आणलेली स्फोटकं होती, आणि त्याच जहाजात कराचीला कापसाच्या गासड्या चढवल्या होत्या. पेटलेला कापूस धुमसत राहिला, जवान त्यावर पाणी मारत राहिले, आणि चारच्या सुमारास जहाज फुटलं. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले.

त्या ६६ जणांपैकी कुणीही कापूस आणि दारूगोळा एकत्र ठेवला नव्हता. तो निर्णय दुसऱ्यांनी, दुसऱ्या बंदरात घेतला होता. किंमत त्यांनी मोजली. आपल्या इमारतींत रोज असे छोटे निर्णय होतात. जिन्यात चपलांचं कपाट येतं, मग जुनी सायकल, मग रद्दी. गच्चीला कुलूप लागतं आणि किल्ली एकाच घरात राहते. मीटरच्या खोलीला टेकून दुचाकी चार्ज होते. होज बॉक्सची काच फुटलेली असते, आतलं पितळी नोझल चोरीला गेलेलं असतं, आणि फॉर्म बीसाठी फक्त सही हवी असते. यातली एकही गोष्ट थांबवायला प्रमुख अग्निशमन अधिकाऱ्याची गरज नाही. सोसायटीच्या पुढच्या सभेत एकाने उठून विचारायचं आहे की गेल्या सहामाहीचा फॉर्म बी दाखवा, आणि तपासणी झाली तेव्हा पंप खरोखर चालवून बघितला का ते सांगा.

तोवर आज संध्याकाळी लिफ्ट सोडून एकदा जिन्याने खाली उतरून बघा. धुरात, अंधारात, लहान मूल कडेवर घेऊन उतरता येईल का, एवढंच पाहायचं. आणि एक लक्षात ठेवायचं. तुम्ही ज्या जिन्याने खाली येणार, त्याच जिन्याने पाठीवर हवेचं नळकांडं आणि खांद्यावर होज घेऊन कुणीतरी तुमच्यासाठी वर येणार आहे. त्याची वाट मोकळी ठेवा.