धरणीकंपानंतर बातमी गाळून घ्या

२१ मार्च २०२४ ची सकाळ. सहा वाजून गेले होते. एकाएकी जमीन हादरली. धक्क्याचे केंद्र हिंगोली जिल्ह्यात होते. आपला जिंतूर तालुका त्या जिल्ह्याला लागूनच आहे. परभणी, नांदेडकडेही धक्का जाणवला. त्याची तीव्रता ४.५ होती. दहा-अकरा मिनिटांनी दुसरा, लहान धक्का बसला.

अशा वेळी आपण लेकराबाळांना घेऊन घराबाहेर येतो. मग प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "आता पुन्हा होणार काय?" पोटात भूक असावी, तशी मनात बातमीची भूक असते. भुकेला माणूस शिळेपाके पाहत नाही. नेमके तेव्हाच खोटी बातमी फावते.

शेजारचे काका येतात.

"ऐकलं का? दुपारी बाराला मोठा धक्का बसणार हाय!"

"काका, कोण सांगतंय?"

"फोनवर आलंय. समदेच सांगतात."

समदेच सांगतात, म्हणजे कोणीच सांगत नाही. भूकंपाचा दिवस आणि तास आधी सांगणे आजवर कोणत्याही शास्त्रज्ञाला जमलेले नाही. मोठ्या धक्क्यानंतर लहान धक्के बसू शकतात, हे खरे. म्हणून तडा गेलेल्या भिंतीजवळ जाऊ नये. पण कोणी वेळ सांगत असेल, तर ती अफवा समजावी.

अफवेने काय होते? १ सप्टेंबर १९२३ रोजी जपानात फार मोठा भूकंप झाला. टोकियो शहर जळाले. वर्तमानपत्रांच्या बहुतेक कचेऱ्या जळाल्या. रेडिओ तर तिथे अजून आलाच नव्हता. तेव्हा अफवा उठली, की कोरिया देशाचे लोक विहिरींत विष टाकत आहेत. काही वर्तमानपत्रांनी ती छापलीही. ती साफ खोटी होती. पण तिच्यापायी हजारो निरपराध माणसे मारली गेली. भूकंपातून वाचलेल्यांना माणसांनी मारले!

आपल्या मराठवाड्यावरही असा घाला पडला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीची घरे कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. तेव्हा मोबाइल नव्हते. दूरच्या माणसांना रेडिओ, दूरदर्शन आणि वर्तमानपत्र यांचाच आधार होता.

आज हातात मोबाइल आहे. पण भूकंपानंतर सगळे एकदम फोन लावतात, म्हणून फोन लागत नाही. अशा वेळी छोटा लेखी निरोप पाठवावा : "आम्ही सुखरूप आहोत." तो बहुधा पोचतो. वीज गेली, तर सेलवर चालणारा रेडिओ कामी येतो. असा एक रेडिओ घरात ठेवावा.

धक्का किती होता, कुठे होता, हे दिल्लीचे राष्ट्रीय भूकंप विज्ञान केंद्र सांगते. गावासाठी काय सूचना आहे, हे तहसील कचेरी आणि जिल्हाधिकारी कचेरी सांगते. मदत हवी असेल तर ११२ नंबर लावावा.

आता आपल्याला वाचता येते. फोनवरचा निरोप आपण स्वतः वाचू शकतो. वाचून आधी तीन प्रश्न विचारावेत. कोणी सांगितले? केव्हा सांगितले? दुसरीकडेही तेच सांगतात काय? उत्तर मिळाले नाही, तर तो निरोप पुढे पाठवू नये.

पाणी आपण गाळून पितो. बातमीही गाळूनच घ्यावी, आणि गाळूनच दुसऱ्याला द्यावी.