मणिकाम, घरगुती

काच, माती, लाकूड, बिया इत्यादींचे सच्छिद्र मणी सुई-दोऱ्याने ओवून किंवा परस्परांत गुंतवून अलंकार करण्याची कला. भट्टी, साचे वा मूल्यवान धातू यांची गरज नसल्याने ती घरच्या घरी साधते. महाराष्ट्रात तिची परंपरा अतिप्राचीन आहे. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे सु. २५,००० वर्षांपूर्वीचे मणी मिळाले. बारीक काचमणी नंतरचे. मंगळसूत्राची काळी पोत हे त्यांचे घरोघर आढळणारे उदाहरण होय.

पालघर जिल्ह्यातील (स्थापना १ ऑगस्ट २०१४) डहाणू व तलासरी तालुक्यांत, म्हणजे आशागडच्या परिसरात, वारली व इतर आदिवासी स्त्रियांच्या गळ्यात रंगीत काचमण्यांच्या माळा दिसतात. काचमणी मात्र बाहेरचे. उत्तर प्रदेशातील पुरदिलनगर हे अशा मण्यांचे एक जुने उत्पादनकेंद्र आहे. वारली चित्रकलेला जी ख्याती लाभली, तिचा अल्पांशही या माळांच्या वाट्याला आलेला नाही. वस्तुतः रंगसंगतीची जाण दोहोंत सारखीच लागते.

नवशिक्याने प्रथम एकाच आकाराचे मणी घ्यावेत. बारीक काचमण्यांचा आकार क्रमांकाने दर्शवितात व क्रमांक वाढतो तसा मणी लहान होतो : ११ क्रमांकाचा मणी सु. २ मिमी., तर ८ क्रमांकाचा सु. ३ मिमी. व्यासाचा असतो. ४० सेंमी. लांबीच्या एकपदरी माळेस ११ क्रमांकाचे सु. ३०० मणी लागतात. भोकाची धार काचरी असल्यास ती सुती दोरा कापते. म्हणून नायलॉनचा दोरा बरा. त्यास मेण लावल्यास तो गुंतत नाही. दोऱ्याच्या टोकाशी एक मणी दोनदा ओवून अडकवला की पुढचे मणी निसटत नाहीत. काम संपल्यावर हा अडमणी काढून टाकतात. वाकडे वा अरुंद भोकाचे मणी आधीच निवडून बाजूला काढावेत. हे कंटाळवाणे असले, तरी माळेची सुबकता बहुतांशी त्यावरच अवलंबून असते.

साध्या ओवणीनंतर फुलांची साखळी शिकावी. एका रंगाचे सहा मणी ओवून सुई पुन्हा पहिल्या मण्यातून त्याच दिशेने काढली की कडे तयार होते. मग वेगळ्या रंगाचा एक मणी ओवून सुई समोरच्या चौथ्या मण्यात पाचव्याच्या बाजूने घालावी. वेगळा मणी मधोमध बसून फूल होते. दोरा हलक्या हाताने ताणावा. फार ओढल्यास साखळी वळते, सैल सोडल्यास मण्यांमध्ये दोरा दिसतो. शेवटची गाठ उघडी न ठेवता उरलेला दोरा मागच्या सातआठ मण्यांतून परत न्यावा. माळा तुटतात त्या बहुधा गाठीपाशीच.

बियांपैकी रानजोंधळ्याचे (कॉइक्स लॅक्रिमा-जोबी) टपोरे, चकचकीत कवच ओवण्यास सोयीचे, कारण त्यात आरपार पोकळी निसर्गतःच असते. याउलट गुंजेबाबत (ॲब्रस प्रिकॅटोरियस) स्पष्ट इशारा देणे आवश्यक आहे. लाल-काळी गुंज सुंदर दिसते आणि सोनाराच्या तराजूतील वजन म्हणून ती परिचित असल्याने निरुपद्रवी वाटते. परंतु तिच्यात ॲब्रिन हे अत्यंत जहाल विष असते. ते पेशींतील प्रथिननिर्मिती बंद पाडते. कठीण कवच अभंग असताना गिळलेले बी पुष्कळदा न पचता बाहेर पडते. ओवण्यासाठी भोक पाडले की हे संरक्षणच नाहीसे होते. म्हणजे झाडावरच्या गुंजेपेक्षा माळेतली गुंज अधिक धोक्याची. भोक पाडताना उडणारी भुकटीही नाकातोंडात वा डोळ्यांत जाऊ देऊ नये. लहान मुले माळ तोंडात घालतात, त्यामुळे मुलांच्या अलंकारांत गुंज मुळीच वापरू नये. चावलेली वा फुटलेली गुंज पोटात गेल्याची शंका आल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. उलट्या, जुलाब इ. लक्षणे काही तासांनी, क्वचित त्याहूनही उशिरा दिसू लागतात व ॲब्रिनवर उतारा उपलब्ध नाही. तोच लाल-काळा रंग हवा असल्यास काचमण्यांत तो सहज मिळतो.