खर्जाचा हिशेब

बाबांनी आयुष्यभर पालघरच्या कौलारू घरात एकाच स्पीकर-जोडीवर गाणी ऐकली. गेल्या वर्षी त्यांना बोईसरला माझ्या फ्लॅटवर आणले, सोबत स्पीकरही आले. पहिल्याच संध्याकाळी ते म्हणाले, "तंबोऱ्याची जवारी हरवली रे, नुसता घुमतोय." पुढे त्यांनी ऐकणेच सोडले. मी स्पीकरला दोष देत नवे घ्यायला निघालो होतो; मग म्हटले, आधी मोजून तर पाहू.

मोजण्याची रीत सोपी आहे. श्रोत्याच्या कानाच्या उंचीवर मोजणीचा मायक्रोफोन ठेवायचा, स्पीकरमधून २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर सोडायचा आणि कोणता सूर किती डेसिबलने पोहोचला याचा आलेख संगणकाकडून काढून घ्यायचा. हे काम मी मध्यरात्रीनंतर केले. मालगाडी धडधडत गेली की मोजणी पुन्हा!

मागच्या भिंतीला टेकलेल्या बाबांच्या खुर्चीवर ६९ हर्ट्झजवळ ११ डेसिबलचा उंचवटा दिसला. कारण खोलीतच होते. तिची लांबी ५ मीटर. उकाड्याच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४८ मीटर जातो. या वेगाला लांबीच्या दुपटीने भागले की ३४.८ हर्ट्झ येतात. त्याची दुप्पट ६९.६. या सुरांना समोरासमोरच्या भिंतींमध्ये स्थिर लहरी उभ्या राहतात आणि भिंतीलगत दाब सर्वाधिक असतो. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास! तो खर्ज फुगला की वरचे नाजूक स्वर झाकले जातात; जवारी हरवते ती अशी. पालघरला हलक्या भिंती आणि कौलांच्या फटी यांतून हा खर्ज बाहेर निसटत होता. इथे काँक्रीट त्याला परत आत ढकलते.

आधी मी भिंतींवर गोधड्या टांगल्या. १८९५ पासून हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन यांनी एका व्याख्यानगृहातला घुमारा खुर्च्यांच्या गाद्या वापरूनच अभ्यासला होता. पण माझा उंचवटा ढिम्म हलला नाही, उलट वरचे स्वर मंदावले. साहजिकच आहे, ६९ हर्ट्झच्या लहरीची लांबी ५ मीटर, तिला चार बोटांची गोधडी काय अडवणार?

मग खुर्ची थोडी थोडी पुढे सरकवत मोजत गेलो. भिंतीपासून सव्वा मीटरवर हा सूर जवळजवळ नाहीसाच झाला, म्हणजे दुसरे टोक. ९० सेंटीमीटरवर उंचवटा ४ डेसिबलवर आला. उरलेला इक्वलायझरने, तेवढ्याच अरुंद पट्ट्यात, कमी केला. एक पथ्य मात्र पाळले: आलेखातले खड्डे आवाज वाढवून भरले नाहीत. जिथे परतलेली लहर मूळ लहरीला खोडते, तिथे आवाज वाढवला तर खोडणारी लहरही तेवढीच वाढते; अ‍ॅम्प्लिफायर मात्र विनाकारण राबतो.

गोधड्या उतरवल्या. नवे स्पीकर घेतले नाहीत. खुर्ची खोलीत जरा आडवी येते, जाता-येता गुडघा लागतो. त्या संध्याकाळी बाबांना मी आलेख दाखवू लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवले. तंबोरा सुरू झाला होता.