बार्सेलोनाचा वाद

२० जुलै १२६३. बार्सेलोनाच्या राजवाड्यात आरागॉनचा राजा जाउमे पहिला याचा दरबार भरला होता. बिशप होते, सरदार होते, डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन संघांचे विद्वान धर्मगुरू होते. या सगळ्यांसमोर उभे राहायचे होते जिरोना शहराचे रब्बी मोशे बेन नाहमान यांना. वय सत्तरीला टेकलेले. ज्यू परंपरा त्यांना नावाच्या आद्याक्षरांवरून ‘रांबान’ म्हणते. व्यवसायाने वैद्य, तालमूद या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथाचे गाढे पंडित आणि तोराह या मूळ शास्त्राचे भाष्यकार अशी त्यांची ख्याती होती. त्यांचा प्रतिपक्षी पाऊ क्रिस्तिया जन्माने ज्यू होता. पुढे बाप्तिस्मा घेऊन तो डॉमिनिकन झाला होता. बोलावणे खुद्द राजाचे असल्याने नकार देणे रांबानांच्या हाती नव्हते. मनमोकळे बोलू द्यावे, एवढीच मागणी त्यांनी केली. ख्रिस्ती धर्माची निंदा करायची नाही, या अटीवर ती मान्य झाली.

वादाचे मुद्दे आधीच ठरले होते. मशीहा, म्हणजे शास्त्रात वचन दिलेला तारणारा, येऊन गेला की अजून यायचा आहे? तो देव की माणसाच्या पोटचा माणूस? आणि खरा धर्म कोणाच्या हाती आहे, ज्यूंच्या की ख्रिस्त्यांच्या?

ज्यू आणि ख्रिस्ती यांच्यात फरक काय, असे विचारले तर आपल्याकडे साधारण एकच उत्तर मिळते: ख्रिस्ती येशूला मानतात, ज्यू मानत नाहीत. उत्तर बरोबर आहे, पण ते शेवटच्या पायरीवरचे आहे. बार्सेलोनाच्या वादाची हकीकत वाचताना मला जाणवत राहिले की येशूच्या प्रश्नाआधी आणखी दोन प्रश्न उभे असतात. देव कसा आहे? आणि माणसाचे नेमके काय बिघडले आहे? या दोन्हींची उत्तरे वेगळी निघाली की तारणारा कसा हवा, याचे उत्तरही वेगळे निघते. रांबानांनी हे त्या दरबारात ओळखले होते. राजाला त्यांनी सांगितलेही, की आपल्यातले खरे भांडण मशीहाचे नाहीच. मशीहा आमच्या धर्माचा पाया नाही. भांडण देवाचे आहे.

या वादाला तेवीस वर्षांची पूर्वपीठिका होती. १२४० साली पॅरिसमध्ये निकोलस डोनिन या धर्मांतरित ज्यूच्या तक्रारीवरून तालमूदवर खटला चालला आणि १२४२ मध्ये गाड्या भरभरून हस्तलिखिते जाळण्यात आली. तिथे तालमूद आरोपी होता. पाऊ क्रिस्तियाने डाव बदलला. बार्सेलोनात त्याने तालमूद आणि मिद्राश यांनाच साक्षीला उभे केले: तुमच्याच रब्बींनी लिहून ठेवले आहे की मशीहा येऊन गेला, मग तुम्ही का मानत नाही?

त्याने काढलेली एक कथा अशी. एक ज्यू शेतात औत धरतो आहे. गाय हंबरते. वाटेने जाणारा अरब म्हणतो, औत सोड, तुमचे मंदिर पडले. गाय पुन्हा हंबरते. अरब म्हणतो, जुंप पुन्हा, तुमचा मशीहा जन्मला. म्हणजे जेरुसलेमचे मंदिर पडले त्याच दिवशी मशीहा जन्मला, असे रब्बीच सांगतात! रांबानांनी दोन अंगांनी उत्तर दिले. पहिले असे, की मंदिर पडले इसवी सन ७० मध्ये आणि येशूचा जन्म त्याच्या कितीतरी आधीचा. कथा शब्दशः घेतली तरी ती येशूला लागू होत नाही. शिवाय जन्मणे वेगळे आणि मशीहा म्हणून प्रकट होणे वेगळे. दुसरे उत्तर जास्त खोल होते. आमच्याकडे ग्रंथांच्या तीन पायऱ्या आहेत, असे ते म्हणाले. पवित्र शास्त्र सगळ्यांनी मानायचे. आज्ञांचा अर्थ सांगणारा तालमूद बंधनकारक. मिद्राश मात्र प्रवचनांसारखा. कोणी मानला तर चांगले, नाही मानला तरी त्याचे काही बिघडत नाही.

हे उत्तर आजही समजून घेण्यासारखे आहे. ख्रिस्ती धर्मात श्रद्धेची कलमे नेमक्या शब्दांत ठरवण्याची परंपरा जुनी. ३२५ साली नायसियाच्या धर्मपरिषदेने पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे ठरवले. ४५१ साली खाल्सेदोनच्या परिषदेने ख्रिस्ताच्या ठायी पूर्ण देवत्व आणि पूर्ण मनुष्यत्व असल्याचे. तारण या श्रद्धेला जोडलेले असल्याने शब्द नेमका असणे भाग होते. ज्यू धर्मात काटेकोरपणा आला तो आचारात: शब्बाथला, म्हणजे विश्रांतीच्या शनिवारी, काय करायचे, काय नाही, मांस कसे कापायचे, उसने घेतलेले कसे परत करायचे. विश्वासाच्या बाबतीत त्या मानाने मोकळीक राहिली. ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिदीसने बाराव्या शतकात श्रद्धेची तेरा तत्त्वे मांडली, तीही पुढच्या विद्वानांनी वादातीत मानली नाहीत.

मग रांबानांनी मशीहाची ओळख सांगायला सुरुवात केली. यशया संदेष्ट्याच्या वचनाप्रमाणे त्या काळी तलवारींचे फाळ होणार, राष्ट्र राष्ट्रावर शस्त्र उचलणार नाही. प्रत्यक्षात येशूच्या काळापासून आजवर जग हिंसेने आणि लुटीने भरलेले आहे आणि इतर कोणाहीपेक्षा ख्रिस्त्यांनीच जास्त रक्त सांडले आहे, हे त्यांनी राजाच्या तोंडावर सांगितले. पुढे म्हणाले, महाराज, युद्धविद्याच शिकायची नाही असे ठरले तर तुमची आणि तुमच्या या सरदारांची किती अडचण होईल! ज्याने मुसलमानांकडून मायोर्का आणि वालेन्सिया जिंकले, त्या राजाला हे ऐकवायला छाती लागते. ज्यू कल्पनेतली मुक्ती कशी उघड्यावर, सगळ्यांना दिसेल अशी घडायची आहे, हे या एका मुद्द्यात येते. विखुरलेले लोक मायदेशी परततील, न्याय नांदेल, युद्ध संपेल. मायमोनिदीसने तर लिहिले की मशीहाने चमत्कार करून दाखवायचीही गरज नाही. तो दावीदच्या वंशातला माणूस असेल, राज्य करील आणि मरेलही.

ख्रिस्ती पक्षाचे उत्तर असे, की तारण आधी आतून घडते. आदामाने आज्ञा मोडली आणि त्याच्या पापाने सगळ्या मानवजातीचा देवाशी असलेला संबंध तुटला. सेंट ऑगस्टीनने ही शिकवण ठाशीव केली. ख्रिस्ती धर्मशास्त्री अन्सेल्मने १०९८ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात त्याची तर्कशुद्ध मांडणी केली: ऋण माणसाचे आहे म्हणून ते माणसानेच फेडले पाहिजे, ते इतके मोठे आहे की देवावाचून कोणी फेडू शकत नाही, म्हणून फेडणारा एकाच वेळी देवही हवा आणि माणूसही. या मांडणीतले सौंदर्य नाकारता येत नाही. माणूस स्वतःच्या बळावर वर चढू शकत नाही म्हणून देव स्वतः खाली येतो, वेदना सोसतो, मरण पत्करतो, हा विचार कोट्यवधी लोकांना दोन हजार वर्षे धीर देत आला आहे.

रांबानांना मात्र त्यातला पहिलाच दुवा मान्य नव्हता. आदामाला झालेल्या शिक्षा तर आजही दिसतात, असे ते म्हणाले: माणूस घाम गाळूनच भाकरी खातो, बाई वेणा देऊनच बाळंत होते. मग फेडले काय? जे डोळ्यांना दिसते ते बदलले नाही आणि जे बदलले म्हणता ते कोणाला दाखवता येत नाही. माझ्या आत्म्याचा आदामाच्या पापाशी तितकाच संबंध, जितका फारोच्या पापाशी. फारोच्या पापासाठी मी नरकात जाणार नाही. मुलाने बापाच्या पापाचा भार वाहायचा नाही, ही यहेज्केल संदेष्ट्याची शिकवण त्यामागे उभी आहे.

मग माणूस पापातून सुटतो कसा? ज्यू उत्तर योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवसात दिसते. पंचवीस तासांचा कडक उपास, दिवसभर प्रार्थना, पापांचा पाढा सगळ्यांनी मिळून अनेकवचनात म्हणायचा. पण मिश्ना या जुन्या ज्यू नियमसंग्रहात एक अट आहे: माणसाने देवाचे केलेले अपराध हा दिवस धुऊन काढतो, शेजाऱ्याचे केलेले अपराध मात्र त्या शेजाऱ्याची समजूत काढल्याशिवाय धुतले जात नाहीत. म्हणून त्या दिवसाआधी लोक एकमेकांच्या दारी जाऊन क्षमा मागतात. मध्ये तारणारा नाही. पश्चात्ताप करून वळलेला माणूस आणि क्षमा करणारा देव, एवढेच. मुक्तीसाठी ज्यू व्हावे लागते, असेही नाही. नोहाच्या सात आज्ञा पाळणाऱ्या सज्जन परधर्मीयालाही येणाऱ्या जगात वाटा आहे.

दरबारातला सर्वांत तिखट क्षण देवाच्या अवताराबद्दलचा. रांबान राजाला म्हणाले, तुम्ही ख्रिस्ती आईबापांच्या पोटी जन्मलात, आयुष्यभर हेच ऐकत आलात म्हणून तुमच्या ते अंगवळणी पडले आहे. पण आकाश आणि पृथ्वी निर्माण करणारा एका ज्यू स्त्रीच्या उदरात वाढावा, मूल होऊन जन्मावा, मोठा व्हावा आणि शत्रूंच्या हाती मारला जावा, हे कोणाच्याही बुद्धीला पटणारे नाही. आपल्या वाचकाला हा आक्षेप विचित्र वाटेल, कारण देवाने जन्म घेणे आपल्या कानांना सरावाचे आहे. रांबानांना मात्र निर्माता आणि निर्मिती यांच्यामधली रेघ पुसली जाणे, हाच मूळ घात वाटत होता.

चार बैठकींनंतर वाद थांबला. पुढच्या शब्बाथला राजा धर्मगुरूंना घेऊन थेट सिनेगॉगमध्ये आला. डॉमिनिकन संघातले नावाजलेले कायदेपंडित रामोन दे पेन्याफोर्त यांनी त्रैक्यावर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिन्ही मिळून एकच देव या शिकवणीवर, प्रवचन दिले. ते म्हणाले, की त्रैक्य म्हणजे ज्ञान, इच्छा आणि सामर्थ्य. रांबान म्हणाले, देव ज्ञानी आहे, इच्छा करतो, समर्थ आहे, सगळे कबूल. पण त्याचे ज्ञान त्याच्याहून वेगळे नाही. शिवाय असेच मोजायचे तर तो जिवंतही आहे. मग चार धरा, पाच धरा. राजाने गुरूंकडून ऐकलेला द्राक्षरसाचा दाखला दिला: रंग, चव, गंध तीन आणि वस्तू एकच. रांबानांनी उत्तर दिले, की ते तिन्ही गुण एकमेकांपासून सुटे होऊ शकतात, देवाचे तसे नाही. शेवटी पाऊ म्हणाला, हे गूढ इतके खोल आहे की देवदूतांनाही कळत नाही. रांबानांनी तिथेच पकडले: जे कळत नाही त्यावर विश्वास ठेवता येत नाही, म्हणजे देवदूतांचाही त्रैक्यावर विश्वास नाही! पाऊच्या सोबत्यांनी त्याला गप्प केले.

हे सगळे रांबानांच्या स्वतःच्या हिब्रू वृत्तांतातले. राजमुद्रा असलेला एक छोटा लॅटिन वृत्तांतही आहे. त्यात रांबान निरुत्तर झाले आणि निघून गेले, असे लिहिले आहे. दोन्ही वृत्तांत आपापल्या पक्षाचे आहेत, हे विसरून चालणार नाही. तरी माझा कल हिब्रू वृत्तांताकडे आहे, कारण त्यातला युक्तिवाद पायरीपायरीने तपासता येतो.

रांबानांची बाजूही पूर्ण सरळ नव्हती. ते कब्बालाचे, म्हणजे ज्यू गूढविद्येचे, मोठे आचार्य होते. देव दहा ‘सेफिरोत’मधून, म्हणजे दैवी शक्तींमधून, प्रकट होतो, असे कब्बाला सांगते. त्यांच्याच पिढीच्या पाठोपाठ आलेल्या अब्राहाम अबुलाफियाने कब्बालावाद्यांना टोकले, की ख्रिस्ती तीन म्हणतात, तुम्ही दहा म्हणता. आदामाबद्दलही तसेच. मशीहाच्या काळात माणूस आदामाच्या पापाआधीच्या अवस्थेत परतेल आणि चांगलेच निवडणे त्याचा स्वभाव होईल, असे रांबानांनी तोराहमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकावरच्या भाष्यात लिहिले आहे. म्हणजे त्या पापाने माणसाचा स्वभाव बदलला, हे त्यांनाही मान्य होते. वंशपरंपरेने दोष आणि नरक मात्र त्यांना मान्य नव्हता. वादात माणूस जितका रोखठोक बोलतो, त्याहून अभ्यासिकेत तो नेहमीच सूक्ष्म असतो.

एकाच पवित्र शास्त्राची ही ज्यू आणि ख्रिस्ती अशी दोन वाचने मराठीतही उतरली आहेत. १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलेल्या फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’चे दोन भाग आहेत. पहिल्यात सृष्टीची उत्पत्ती, आदामाचे पतन आणि इस्राएलाचा इतिहास, दुसऱ्यात येशूचरित्र. पहिला भाग सगळा दुसऱ्याची वाट पाहतो. अलिबागच्या आसपास मात्र त्याच इतिहासाचे दुसरे वारस राहत होते, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्राएल, गावकऱ्यांचे ‘शनवार तेली’. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी त्यांना शाळा दिल्या, डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. यांना आपले शास्त्र वाचता आले की ते ख्रिस्ताकडे वळतील, असा मिशनऱ्यांचा भरवसा होता. वाचता आले, पण बाप्तिस्म्याकडे फारच थोडे वळले. उरलेल्यांचे ज्यूपण आणखी घट्ट झाले. आजही नवस फेडताना ‘मलिदा’ होतो. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे ताटात मांडून एलियाहू हन्नाबीचे नाव घेतले जाते. मशीहाच्या आधी येऊन वर्दी देणारा संदेष्टा तो हाच. येणारा अजून यायचा आहे, ही श्रद्धा कोकणात पोह्यांच्या ताटाभोवती टिकली.

रांबानांचे पुढे काय झाले? राजाने निरोप देताना त्यांना ३०० नाणी दिली. त्याच उन्हाळ्यात त्याने ज्यूंना डॉमिनिकनांची प्रवचने ऐकण्याचा हुकूमही काढला. आपला वृत्तांत रांबानांनी जिरोनाच्या बिशपांच्या सांगण्यावरून लिहून दिला होता. त्यावरून १२६५ मध्ये डॉमिनिकनांनी ईश्वरनिंदेचा आरोप ठेवला. पोपनेही शिक्षेचा आग्रह धरला. १२६७ मध्ये ते देश सोडून जेरुसलेमला पोहोचले. तिथून मुलाला लिहिलेल्या पत्रात ते सांगतात, की या उजाड शहरात ज्यू म्हणाल तर रंगाऱ्याचा धंदा करणारे दोन भाऊ. एका पडक्या घरात संगमरवरी खांब आणि सुरेख घुमट सापडला. तिथे त्यांनी सिनेगॉग उभे केले. १२७० मध्ये त्यांचे निधन झाले.

चर्चची भाषा बदलायला त्यानंतर सातशे वर्षे जावी लागली आणि युरोपातल्या ज्यूंचा संहार घडावा लागला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकनने येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंवर ठेवता येत नाही, असे जाहीर केले. ३ डिसेंबर २०१५ रोजी काही ऑर्थोडॉक्स रब्बींनी निवेदन काढले, की ख्रिस्ती धर्म हा अपघात किंवा चूक नाही. इतर राष्ट्रांसाठी तो देवाच्या इच्छेनेच आला. आठवड्याभराने, १० डिसेंबरला, व्हॅटिकनच्या आयोगाने आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला. ज्यूंच्या धर्मांतरासाठी कॅथलिक चर्च कोणतेही संस्थात्मक मिशन चालवत नाही, असे त्यात आहे. ख्रिस्त सगळ्यांचा तारणारा आहे, हेही त्यात आहे आणि ख्रिस्ताची कबुली न देणारे ज्यू देवाच्या तारणात सहभागी आहेत, हेही. दोन्ही एकाच वेळी कसे खरे, हे देवाचे अथांग गूढ आहे, असे तो दस्तऐवज म्हणतो.