सांदवाडीतले गवत आणि अंगातला ताप

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आपल्या नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. सगळी रोगराई घेऊन जा, असे साकडे घालून आपण तिला निरोप देतो आणि घरी परततो. घरामागच्या सांदवाडीत मात्र कमरेइतके गवत तसेच उभे असते. ते कोणतीही मारबत नेत नाही, आपल्यालाच काढावे लागते. आता गवत आणि विळे-फावडी हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांच्यासाठी आधी एका रुग्णाची हकीकत सांगतो.

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या भागात ‘स्क्रब टायफस’ या तापाची साथ आली होती. त्या सुमारास एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. ‘‘डॉक्टरसाहेब, पाच दिवस झाले, ताप उतरूनच नाही राहिला.’’ मलेरियाची तपासणी झाली होती, त्यात काही निघाले नव्हते. गेल्या पंधरवड्यात काय काय केले, असे मी विचारले. ‘‘काही नाही, घरीच होतो. बाजूचा मोकळा प्लॉट साफ केला तेवढा.’’ मी त्यांना तपासले, तेव्हा पायजम्याची नाडी बांधतात त्या जागी एक काळी खपली दिसली. विडीचा चटका बसावा तशी. ती दुखत नव्हती, खाजत नव्हती, म्हणून त्यांना तिचा पत्ताच नव्हता. त्याच दिवशी डॉक्सिसायक्लिन सुरू केले आणि दोन दिवसांत ताप उतरला.

हा आजार होतो कसा? दाट गवतात, झुडपांत उंदीर आणि चिचुंद्र्या असतात. त्यांच्या अंगावर एक अतिसूक्ष्म कीटक जगतो. त्याचे पिल्लू डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. गवतात बसलेल्या माणसाच्या अंगावर ते चढते आणि कंबर, काख, जांघ अशा झाकलेल्या जागी चावते. त्याच्याबरोबर रोगजंतू शरीरात शिरतात. साधारण एक ते दोन आठवड्यांनी थंडी, सणकून ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलात लढणाऱ्या सैनिकांना याच तापाने हैराण केले होते. औषध स्वस्त आहे, साधे आहे. पण निदान लांबले तर फुफ्फुसे, मूत्रपिंड, मेंदू यांवर परिणाम होतो आणि रोगी दगावूही शकतो. हा ताप माणसापासून माणसाला लागत नाही, त्यामुळे रोग्याला वेगळे ठेवण्याचे कारण नाही.

आता अवजारांकडे वळू. आपली चूक इथेच होते. आपण आखूड मुठीचा विळा किंवा खुरपे घेतो आणि थेट उंच गवतात उकिडवे बसतो. कीटकाला आणि सापाला याहून सोयीची बैठक नाही. उंच गवतासाठी लांब दांड्याचे अवजार घ्यावे आणि उभ्याने कापावे. दांडा साधारण छातीपर्यंत यावा, म्हणजे कंबरही धरत नाही. कापलेले गवत हाताने न गोळा करता दाताळ्याने ओढावे. ते एक-दोन दिवस उन्हात वाळले आणि जमीन मोकळी दिसू लागली, की मगच खुरपे घेऊन बसावे. गाजरगवत मात्र फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दम्याचा त्रास होतो.

बोथट अवजार धारदार अवजारापेक्षा अधिक घातक असते. धार नसली की जोर जास्त लावावा लागतो आणि विळा सटकून नडगीवर येतो. कामाला लागण्यापूर्वी कानस पात्याच्या उतारावर एकाच दिशेने फिरवावी, घासाघीस करू नये. दांडा ढिला झाला की पुष्कळ जण कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगते, दांडा घट्ट बसतो, पण वाळला की आधीपेक्षा जास्त ढिला होतो आणि पाते उडते. त्यापेक्षा नवी पाचर ठोकावी. काम संपल्यावर माती नारळाच्या काथ्याने काढावी, पाते कोरडे करून तेलाचा हात द्यावा. दांड्याला आपल्या विदर्भातले जवसाचे तेल उत्तम. मात्र तेलाचा बोळा गुंडाळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल सुकताना तापते आणि बोळा पेटू शकतो. तो पसरून वाळवावा.

गंजलेले लोखंड लागले म्हणजे धनुर्वात होतो, असा समज आहे. खरे म्हणजे धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. चकचकीत विळ्याला माती असली तरी धोका तोच. जखम झाली तर वाहत्या पाण्याने, साबणाने धुवावी. हळद, चुना, माती भरू नये. लस घेऊन बरीच वर्षे झाली असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

सापांचेही तसेच. विटांचा ढीग, जुनी लाकडे हाताने उचलू नयेत, सब्बलीने सरकवावीत. आधी काठी आपटावी. सफाई घराच्या बाजूने सुरू करून बाहेर जावे, म्हणजे उंदीर आणि साप घरात न शिरता दूर जातील. पायांत गमबूट हवेत. चप्पल नको. साप चावलाच तर जखम कापू नये, दोरी आवळू नये. चावलेला भाग न हलवता सरळ मेडिकल, मेयो किंवा जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारे प्रतिविष तिथे मोफत मिळते.

काम करताना पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, पायजमा मोज्यांत खोचावा. काढलेले कपडे गवतावर टाकू नयेत. घरी येताच साबण लावून अंघोळ करावी आणि कपडे गरम पाण्यात धुवावेत.

एवढे करूनही पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर घरच्या घरी गोळ्या घेत बसू नका. कंबर, काख, जांघ आरशात पाहा. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगा, ‘‘डॉक्टरसाहेब, मी गवत कापले होते.’’ त्या गुरुजींचे निदान एवढ्या एका वाक्यावर झाले. मी विचारले नसते, तर ते बोलले नसते.