एका नापासाचे पुढे काय होते?

मार्च महिन्यातला तिसरा शुक्रवार हा अमेरिकेतील वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या आयुष्यातला मोठा कसोटीचा दिवस असतो. चार वर्षांचे शिक्षण संपत आलेले असते आणि पुढची तीन ते सात वर्षे कोणत्या रुग्णालयात, कोणत्या शाखेत काढावयाची, हे त्या दिवशी कळते. रुग्णालयातील या उमेदवारीला तेथे 'रेसिडेन्सी' म्हणतात. पदवी हाती असली तरी सामान्यतः या उमेदवारीवाचून तेथे स्वतंत्रपणे व्यवसाय करता येत नाही.

आता समजा, एखाद्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रकात पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्रात 'अनुत्तीर्ण' अशी नोंद पडली, तर त्याची ही वाट बंद झाली काय? तिकडे शिकणाऱ्या आणि येथून पदवी घेऊन तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या मुलांच्या घरी हा प्रश्न बहुधा हलक्या आवाजात विचारला जातो. त्याचे उत्तर मोकळेपणाने द्यावयास हवे.

प्रथम ही निवड कशी होते ते पाहू. १९५२ पासून तेथे एक मध्यवर्ती जुळणी चालते. विद्यार्थी आपल्या पसंतीची रुग्णालये क्रमाने लिहितो, रुग्णालये आपल्या पसंतीचे उमेदवार क्रमाने लिहितात आणि संगणक दोन्ही याद्यांची सांगड घालतो. या गणिताची १९९८ पासूनची रीत बसविणाऱ्यांपैकी आल्विन रॉथ यांना २०१२ साली लॉइड शॅप्ली यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण श्रोतेहो, या गणिताला कोण पास आणि कोण नापास याची काहीच वार्ता नसते. नापासाचा परिणाम होतो तो त्याच्या बराच आधी, मुलाखतीच्या दारात. शेकडो अर्जांतून मोजक्यांनाच बोलावणे येते आणि ज्याची मुलाखत झाली नाही त्याचे नाव रुग्णालयाच्या यादीत सहसा चढत नाही.

त्या अर्जाबरोबर महाविद्यालयाचे गुणपत्रक आणि एक सविस्तर मूल्यमापनपत्र जाते. विद्यार्थ्याला कोणता अभ्यासक्रम पुन्हा करावा लागला काय, याचे उत्तर त्या पत्रात द्यावेच लागते. अर्थात नोंद लपत नाही. पूर्वी परवाना-परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात उत्तम गुण मिळवून असा डाग झाकता येत असे. २६ जानेवारी २०२२ पासून त्या टप्प्याचा निकाल केवळ 'उत्तीर्ण' किंवा 'अनुत्तीर्ण' असा लागतो. त्यामुळे आकड्यांत गुण देणाऱ्या दुसऱ्या टप्प्याचे वजन वाढले आहे.

सगळी अपयशे मात्र सारख्या तोलाची नसतात. पहिल्या वर्षी एक विषय राहिला, पुन्हा दिला, सुटला आणि पुढची वर्षे स्वच्छ गेली, तर त्याची किंमत मोजावी लागते, पण ती परवडण्याजोगी असते. प्रत्यक्ष रुग्णांजवळच्या कामात आलेले अपयश अधिक गंभीर मानतात, आणि वारंवार आलेले अपयश त्याहून गंभीर. त्वचारोग किंवा मेंदूची शस्त्रक्रिया अशा थोड्या जागांच्या शाखांत एक नोंदही जड जाते. कुटुंबवैद्यक, बालरोग, सामान्य वैद्यक या शाखांत त्यामानाने वाव अधिक असतो.

आपल्याकडची रीत निराळी आहे. येथे पदव्युत्तर प्रवेश 'नीट-पीजी' या परीक्षेतील क्रमांकावर ठरतो. त्यामुळे 'एकदा सुटला ना विषय, मग कोण विचारतो?' असे आपण सहज म्हणून जातो. येथे ते बरेचसे खरेही आहे. परंतु तोच मुलगा अमेरिकेत अर्ज करू लागला, की त्याची येथील गुणपत्रके त्याच्याबरोबर समुद्र ओलांडतात.

मग करावे काय? जे घडले ते चार वाक्यांत सरळ सांगावे: काय चुकले, नंतर अभ्यासाची पद्धत कशी बदलली आणि त्याचा पुरावा पुढच्या कोणत्या निकालांत दिसतो. परीक्षकाला किंवा प्रकृतीला उगाच दोष देऊ नये. ज्यांनी आपले काम जवळून पाहिले आहे अशा अध्यापकांची पत्रे जोडावीत आणि अर्ज अधिक ठिकाणी करावेत. जुळणी झाली नाही, तर ते त्याच आठवड्याच्या सोमवारी कळते आणि उरलेल्या जागांसाठी लगेच दुसरी फेरी होते. तेथेही यश आले नाही, तर पुढचे वर्ष असतेच.

आणि वडीलधाऱ्यांनी एवढे करावे, की मुलाला ही गोष्ट घरी सांगण्याची भीती वाटू देऊ नये. जो घरी लपवितो, तो मुलाखतीतही अडखळतो. समोर बसलेल्या डॉक्टरांना मुलाच्या गुणांइतकेच आणखी एक जाणून घ्यावयाचे असते: उद्या रात्री दोन वाजता रुग्णाच्या खाटेपाशी याच्या हातून चूक झाली, तर हा ती वेळेवर वरिष्ठांना सांगेल काय?