बावखलातलं कुमुद ओळखा, राखा



श्रावणात पूजेसाठी बावखलातून आपण जे ‘कमळ’ काढतो, ते बहुतेक वेळा कुमुद असतं. ओळख सोपी आहे. कमळाचं पान अखंड गोल असतं, मधोमध देठ. कुमुदाच्या पानाला कडेपासून देठापर्यंत चीर असते आणि ते पाण्यावर पसरून तरंगतं. पांढरं कुमुद रात्री फुलतं, उन्हं चढली की मिटतं. निळं दिवसा फुलतं. बांगलादेशाचं राष्ट्रीय फूल पांढरं कुमुद, श्रीलंकेचं निळं. म्हणजे आपलं हे फूल दूरवर पसरलेलं आहे.

पण त्याला जागा ठरलेलीच लागते: गोडं, संथ, उथळ पाणी आणि तळाशी गाळ. खाडीच्या खाऱ्या पाण्यात ते तगत नाही. म्हणून कुमुद दिसलं, की पाणी अजून गोडं आहे असं समजा. हेच पाणी मुरून आपल्या विहिरींना मिळतं.

कुमुदाचा कंद गाळात असतो. पाणी खाली गेलं, पानं सुकली, तरी ओल्या गाळात तो टिकतो आणि पावसात पुन्हा फुटतो. फळ पाण्याखाली पिकतं, बी थोडं तरंगून तिथेच बुडतं. त्यामुळे बावखल भरणी टाकून बुजवलं, तर कंदही गेला आणि बीही.

दुसरं संकट जलपर्णीचं. जांभळ्या फुलांची ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. सांडपाणी मिळालं की दोन आठवड्यांत दुप्पट होते. पाणी झाकलं की खाली ऊन पोचत नाही, कुमुद गुदमरतं.

मग गटाने काय करायचं?

- उन्हाळ्यात पाणी कमी असताना, फुलं येण्याआधी जलपर्णी मुळासकट काढा. ती गाळात रुजलेली नसते, तरंगते. काठापासून लांब वाळवून मगच खतात घाला.
- एकटीने पाण्यात उतरू नका. काठावरून दाताळ्याने ओढा.
- गाळ काढताना एक कोपरा तसाच ठेवा, कंद वाचतील.
- विक्रीसाठी सगळी फुलं खुडू नका. काही राहिली तरच बी धरेल.

पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या आळीत बावखलं किती होती, आज किती आहेत? आजींना नक्की विचारा. उत्तर वहीत लिहून ठेवा. बुजलेलं बावखल कागदावर तरी राहील, आणि उरलेलं राखायला आपण आहोतच.